हिरवा समुद्र, तांबडा समुद्र, कोरा समुद्र

हेरेफर्ड हे इंग्लंडमधलं, वेल्सच्या सीमेजवळचं लहानसं शहर. तिथल्या कॅथेड्रलमध्ये १३०० सालच्या सुमारास काढलेला जगाचा एक नकाशा आहे. वासराच्या एका अख्ख्या कातड्यावर काढलेला, दीड मीटरहून उंच. पूर्व दिशा वर, यरुशलेम बरोबर मध्यावर, आणि सगळ्या जमिनीला वेढणारी महासागराची अरुंद कड. या नकाशाकडे पहिल्यांदा पाहताना नजर उजवीकडे वरच्या बाजूला अडकते, कारण तिथे दोन फाटे फुटलेला एक ठसठशीत तांबडा आकार आहे. तो तांबडा समुद्र. त्याला लागून असलेलं इराणचं आखातही त्याच रंगात रंगवून टाकलेलं.

हा तांबडा आकार मला फार आवडतो. तो बघून 'बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं' असं म्हणणारे भेटतात, आणि त्यांच्याशी मी वाद घालते. समुद्राचं पाणी रक्तासारखं नसतं हे मध्ययुगातल्या माणसाला नक्की ठाऊक होतं. सातव्या शतकातला सेव्हिलचा बिशप इसिदोर, ज्याचा ज्ञानकोश पुढची कित्येक शतकं युरोपभरच्या मठांमध्ये वाचला गेला, तो सांगतो की ही लाली मुळात पाण्याची नाही, किनाऱ्यावरच्या तांबड्या मातीची आहे. आणि १३७५ च्या कॅटलान अॅटलासमध्ये, जो मायोर्का बेटावरच्या अब्राहम क्रेस्केसने केल्याचं मानलं जातं, तांबडा समुद्र लालभडक रंगवून त्याच्याच शेजारी लिहिलंय की इथलं पाणी तांबडं नाही, तळ तांबडा आहे. म्हणजे खरं काय ते लिहिलं, आणि तरीही ब्रश तांबड्या रंगातच बुडवला.

कारण रंगाचं काम वेगळं होतं. बायबलातल्या मोशेच्या मागून निघालेल्या लोकांना वाट देण्यासाठी दुभंगलं ते हे पाणी. हेरेफर्डच्या नकाशावर इजिप्तमधून निघालेली एक रेघ हा तांबडा पट्टा ओलांडते, वाळवंटात वळणं घेत भटकते आणि शेवटी यरीहो शहरापाशी पोचते. कॅटलान अॅटलासमध्ये तर समुद्राच्या वरच्या टोकाशी मधेच रंग न लावता एक पट्टी मोकळी ठेवली आहे: लोक गेले ते इथून. या पाण्याची जात वेगळी आहे, एवढं सांगायला तांबडा रंग पुरेसा होता.

जुन्या नकाशांच्या मागे मी लागले ती या एका गोष्टीसाठी. आम्ही शाळेत नकाशे भरायचो. भारताचा छापील आराखडा, निळी पेन्सिल, किनाऱ्याला लागून आडव्या बारीक रेघा, मग पेन्सिलीची भुकटी कापसाने घासून समुद्रभर पसरायची. गोदावरी त्याच पेन्सिलीने, चिल्का सरोवर त्याच पेन्सिलीने, अरबी समुद्रही त्याच पेन्सिलीने. आणि घरी मात्र पाण्याची अशी सरमिसळ कुणी खपवून घेतली नसती. माझं बालपण रायगडच्या किनाऱ्यावर गेलं. तिथे पाणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: खारं की गोडं? मचूळ लागणारी विहीर कोणती, उन्हाळ्यात कुठल्या विहिरीला खारं पाणी लागतं, खाडीचं पाणी भरतीला किती आत येतं, कुठल्या बांधाला भगदाड पडलं तर भाताची जमीन खारवून जाईल, हे लहान पोरांनाही माहीत असायचं. भूगोलाच्या वहीतल्या निळ्यात यातलं काहीच नव्हतं.

म्हणून अल-मुकद्दसीचा एक परिच्छेद वाचला तेव्हा फार बरं वाटलं. हा यरुशलेमचा माणूस. दहाव्या शतकात इस्लामी जगात दूरवर फिरला आणि ९८५ च्या सुमारास त्याने भूगोलाचा मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या नकाशांचे रंग त्याने वाचकाला आधीच सांगून ठेवलेत: ओळखीचे रस्ते तांबडे, सोनेरी वाळवंटं पिवळी, खारे समुद्र हिरवे, प्रसिद्ध नद्या निळ्या, मोठे डोंगर मातकट. खारं ते हिरवं, गोडं ते निळं. हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाने पाण्याची पहिली ओळख चवीने ठेवली. एकट्याची ही लहर नव्हती. हेरेफर्डच्या नकाशावरही समुद्र मुळात हिरवे होते आणि नद्या निळ्या; तो हिरवा काळाच्या ओघात करपून तपकिरी-काळा पडलाय, एवढंच. तेराव्या शतकात लंडनमध्ये केलेल्या एका प्रार्थनापोथीत तळहाताएवढा जगाचा नकाशा आहे, त्यातही समुद्र हिरवा आणि त्यात लाल समुद्र उठून दिसतो. सगळं पाणी निळं ही समजूत बरीच नंतरची.

मुकद्दसीची आणखी एक हकिकत आहे. मध्ययुगीन नकाशांबद्दल जे जे वाचलं त्यात मला ती सर्वांत जवळची वाटते.

हिंदी महासागराचा आकार नेमका कसा, याने तो बेजार झाला होता. या समुद्राची चित्रं त्याने ठिकठिकाणी पाहिली होती. खुरासानच्या अमिराच्या ग्रंथालयात एक कागदावरचं, निशापूरला एक कापडावरचं, आणखी बड्या लोकांच्या संग्रहांतली वेगळी. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कुणी समुद्र तैलसानाच्या आकाराचा काढलेला, म्हणजे विद्वान मंडळी डोक्या-खांद्यावरून घेत त्या वस्त्रासारखा. कुणी पक्ष्याच्या आकाराचा. मग एकदा एडनला तो अबू अली इब्न हाझिम या शेखाबरोबर समुद्राकडे बघत किनाऱ्यावर बसला होता. शेख म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांचा प्रमुख, त्याची जहाजं या समुद्राच्या पार टोकापर्यंत जात. शेखाने विचारलं, एवढा कसला विचार करतोस? मुकद्दसीने आपली अडचण सांगितली. तेव्हा शेखाने तळहाताने वाळू सारखी केली आणि तिच्यावर समुद्र काढला. तो ना तैलसान होता, ना पक्षी. त्याला वेड्यावाकड्या जिभा होत्या, आत घुसलेली आखातं होती, कितीतरी फाटे होते. हाच या समुद्राचा आकार, दुसरा नाही, असं शेख म्हणाला.

ज्याने पाणी ओलांडलं होतं त्याने ते वाळूवर काढलं, आणि ज्यांनी ओलांडलं नव्हतं त्यांनी कागदावर, कापडावर, सोन्याच्या वर्खानिशी काढलं. आपल्याकडे उरले ते दुसरे. जुन्या नकाशातलं पाणी बघताना मला हा एडनचा शेख सारखा आठवतो. मुकद्दसीने त्याचं ऐकून घेतलं, मनापासून मानलं, आणि तरी आपल्या ग्रंथात समुद्र सोपा करूनच काढला. बहुतेक फाटे गाळले. तो आणि त्याच्या परंपरेतले इस्तख्री, इब्न हौकल यांचे नकाशे रेघा आणि कमानींचे आहेत. इस्तख्रीच्या भूमध्य समुद्रात तीन बेटं, तिन्ही स्वच्छ वर्तुळं: सिसिली, क्रीट, सायप्रस. किनारा जणू पट्टीने आखलेला. इराणच्या समुद्रातही तीनच बेटं. लक्षात राहायला सोपं, नक्कल करायला सोपं. जहाज हाकायला निरुपयोगी, पण जहाज हाकणं हा त्यांचा हेतूच नव्हता. कुठलं शहर कोणत्या समुद्राला लागून, कुणाच्या पलीकडे कोण, हा संबंध त्यांना टिकवायचा होता.

या ग्रंथांमध्ये सिंधच्या वर्णनाला लागून खंबायत येतं, सिंदान म्हणजे संजाण येतं, आणि सैमूर येतं. सैमूर म्हणजे आपलं चौल, कुंडलिकेच्या मुखाशी. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी ९१६ च्या आसपास तिथे स्वतः आला होता. त्या वेळी शिलाहार राजा झंझ राज्य करत होता आणि मसूदीने त्याचं नावही नोंदवलंय. आज चौल-रेवदंड्याला जाणारा माणूस नारळी-पोफळीच्या वाड्या बघतो, पोर्तुगीज तटबंदी बघतो. त्या तटबंदीच्या सहाएकशे वर्षं आधी या खाडीचं नाव अरबी शाईत उतरलं होतं. नकाशा जगाच्या दुसऱ्या टोकाला काढला गेला असला, तरी त्यातल्या हिरव्या रंगाच्या काठावर आपलं गाव आहे, हे कळल्यावर तो रंग परका राहत नाही.

पट्टीने आखलेल्या या किनाऱ्यांचं समर्थन एका नकाशाकाराने स्वतःच करून ठेवलंय, आणि ते मला अतिशय प्रामाणिक वाटतं. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, फातिमी खलिफांच्या इजिप्तमध्ये त्याने आकाश आणि पृथ्वी यांच्यावर एक ग्रंथ केला. त्याची पुढे झालेली एक नक्कल ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने २००२ मध्ये मिळवली, आणि जुन्या नकाशांचे अभ्यासक अक्षरशः हरखले. त्यात भूमध्य समुद्र आहे एक गर्द हिरवा लंबगोल. इटली नाही, ग्रीस नाही, स्पेनचा खांदा नाही. हिरव्यात ११८ बेटं, जवळपास सगळी गोल, सारख्या आकाराची, नावं लिहिलेली. सिसिली आणि सायप्रस तेवढे मोठे चौकोन. आणि लंबगोलाच्या कडेने १२१ ठिकाणं, जिथे जहाज नांगरता येतं.

आजच्या डोळ्यांना हा नकाशा मुलाने काढल्यासारखा दिसतो. पण कडेची बारीक अक्षरं वाचली की चित्र पालटतं. हे बंदर कुठल्या वाऱ्यापासून आडोसा देतं, इथे गोडं पाणी मिळतं का, अख्खं आरमार मावेल की थोडीच जहाजं, अशा नोंदी एकामागून एक आहेत. समुद्राचा आकार त्याने टाकून दिला आणि समुद्राशी वागायचं कसं ते ठेवलं. आकार का टाकला, हेही तो सांगतो. किनारे कायम राहत नाहीत, जमिनीचा समुद्र होतो, समुद्राची जमीन होते. शिवाय कितीही नेमकं साधन घेतलं तरी नकाशाच्या एवढ्याशा जागेत प्रत्येक आखात आणि प्रत्येक गाव जागच्या जागी बसवता येणार नाही.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वाळूचा दांडा एका पावसाळ्यात सरकतो, खाडीचं मुख गाळाने भरतं, जिथे गलबतं लागायची तिथे आता ओहोटीला चिखलच उरतो. चौलचंच बंदर बघा.

त्याच ग्रंथात तिन्नीस या गावाचा नकाशा आहे. नाईलच्या मुखाजवळच्या सरोवरातलं हे बेट, विणकरांचं श्रीमंत गाव. नाईलला पूर आला की सरोवराचं पाणी गोडं व्हायचं, पूर ओसरला की समुद्र आत शिरून ते खारं. गोडं आहे तेवढ्या दिवसांत टाकी भरून घ्यायची आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचं. नकाशात तटबंदीतून आत येणारे पाण्याचे मार्ग काळजीपूर्वक दाखवलेत, कारण गावाचा जीव तिथे होता. जगाचे नकाशे मोठे, भव्य, राजांना नजर करण्यासारखे असतात. पण पाण्यावर जगणाऱ्यांनी पाणी कसं पाहिलं ते मला या लहान नकाशात जास्त दिसतं.

राजाला नजर केलेला सर्वांत मोठा नकाशा इद्रीसी या अरब भूगोलकाराचा. सिसिलीच्या पालेर्मोमध्ये नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी त्याने तो ११५४ मध्ये पुरा केला. दक्षिण वर, जग सत्तर भागांत वाटलेलं, आणि सोबत चांदीच्या थोरल्या तबकडीवर कोरलेलं एक जग, जे आता उरलेलं नाही. त्याच्या ग्रंथाच्या पुढच्या प्रतींमध्ये समुद्र निळे आहेत आणि त्यांच्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा. नद्या मात्र हिरव्या. म्हणजे मुकद्दसीचे रंग बरोब्बर उलटे झाले, पण खारं आणि गोडं यांच्यातली भिंत शाबूत राहिली.

स्पेनमधल्या बेआतो नावाच्या भिक्षूच्या ग्रंथात, जो आठव्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला आणि पुढे सुंदर चित्रांसह वारंवार उतरवला गेला, महासागराच्या कड्यात मासेच मासे आहेत. तोंडं एकाच दिशेला करून पोहणारे, एका ओळीत. तिथे तांबडा समुद्र सरळ पट्ट्यासारखा आडवा जातो आणि त्याच्या पलीकडे पृथ्वीचा चौथा भाग आहे, सूर्याच्या तापामुळे आपल्याला अज्ञात. पाणी इथे कुंपण आहे. मासे आहेत म्हणून ते पाणी, नाहीतर नुसतीच पट्टी.

हेरेफर्डचं पाणीही गजबजलेलं आहे. भूमध्य समुद्र बेटांनी इतका दाटलाय की पाण्याला जागा उरत नाही. त्यात एक मत्स्यकन्या आरसा धरून, सिसिलीजवळ कॅरिब्डिसचा भोवरा, मृत समुद्राच्या तळाशी बुडालेली बायबलातली सदोम आणि गमोरा ही शहरं, काठावर मागे वळून बघणारी लोटाची बायको. आणि अगदी वर, पूर्वेच्या टोकाला, आगीच्या भिंतीने वेढलेलं नंदनवनाचं बेट. तिथून चार नद्या निघतात. त्यातली एक, पिशोन, म्हणजे गंगा, असं त्या काळचे ख्रिस्ती पंडित मानत. स्वर्गातून निघून जमिनीखाली लुप्त होऊन ती भारतात वर येते, असं त्यांचं स्पष्टीकरण. आमच्या देवघरात काशीहून आणलेला, तोंड डाख देऊन बंद केलेला गंगेचा गडू असायचा. ते पाणी स्वर्गातून आलंय हे आजीला जितकं पक्कं माहीत होतं, तितकंच ते थंड इंग्लंडमधल्या त्या चित्रकाराला माहीत होतं. दोघांनीही गंगा पाहिली नव्हती.

आणि आपल्याकडे? गुजरात-राजस्थानात पंधराव्या शतकापासून कापडावर रंगवलेले जैन विश्वाचे पट मिळतात. मधोमध जंबुद्वीप, एक लाख योजनं रुंद. त्याला वेढणारा लवणसमुद्र दोन लाख योजनांचा. मग धातकीखंड, मग कालोदधी, प्रत्येक कडं आधीच्याच्या दुप्पट. कड्यांमध्ये मासे, पोहणारी माणसं. कुणी म्हणेल हा नकाशा नव्हेच. पण लवणसमुद्राच्या चार दिशांना चार प्रचंड रांजण आहेत, पाताळकलश. त्यांच्या खालच्या तिसऱ्या भागात वारा, मधल्या भागात वारा आणि पाणी, वरच्या भागात पाणी. आतला वारा खवळला की पाणी फुगतं, शांत झाला की बसतं. ही भरती-ओहोटी! हेरेफर्डचा समुद्र हलत नाही, बेआतोचा हलत नाही. या पटातला समुद्र मात्र श्वास घेतो. ज्या किनाऱ्याजवळ हे पट रंगवले गेले तिथे, खंबायतच्या आखातात, भरती माणसाला घाबरवते इतकी उंच येते. रांजणांची कल्पना पटांच्या कितीतरी आधीच्या शास्त्रग्रंथांतली आहे हे खरं, पण ती समोर ठेवून त्या आखाताकडे बघितलं की ती कुठून सुचली असेल असं विचारावंसंच वाटत नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीला भूमध्य समुद्रावर एक वेगळाच नकाशा दिसू लागतो. कुणी राजाने मागवलेला नाही, कुणा धर्मगुरूने सांगितलेला नाही. सर्वांत जुन्यांपैकी एक पिसा शहरात सापडला म्हणून त्या शहराच्या नावाने ओळखला जातो. तो आता पॅरिसला आहे. पिएत्रो वेस्कोंतेने १३११ मध्ये सही आणि साल घालून केलेलाही उरलाय. या नकाशांमधला किनारा बघून श्वास रोखला जातो. इटलीचा बूट, ग्रीसची बोटं, काळ्या समुद्राचा बाक, सगळं आज ओळखता येईल असं. मधे कुठलीच पायरी न दाखवता एकदम हे उगवतं.

आणि पाणी? पाणी रंगवलेलंच नाही. कातडं कोरं. बंदरांची नावं जमिनीच्या बाजूला, किनाऱ्याला काटकोनात लिहिलेली, मोठी बंदरं तांबड्या शाईत, बाकीची काळ्या. ती वाचायची तर नकाशा हातात फिरवत राहावं लागतं. समुद्रावर अक्षर नको, कारण समुद्रावर काम आहे. त्या कोऱ्या जागेत फक्त वाऱ्यांच्या रेघा जातात: आठ मुख्य वारे काळ्या शाईत, अर्धे वारे हिरव्या, पाव वारे तांबड्या. दिशा म्हणजे वारा. आमच्याकडे मतलई आणि खारा वारा या दोघांवर होडीचा दिवस ठरतो. त्यांच्याकडे बत्तीस वाऱ्यांचं जाळंच पाण्यावर टाकलेलं होतं. बाकी खुणा दोनच: जिथे पाणी उथळ तिथे ठिपके, जिथे बुडालेला खडक तिथे फुलीसारखी खूण. मत्स्यकन्या नाही, मासा नाही, सदोम नाही. ज्या गोष्टीने जहाज फुटेल तेवढीच पाण्यात ठेवली.

या कोऱ्या पाण्यापुढे मला नेहमी आदर वाटतो. रंगवलेल्या समुद्रांवर माझं प्रेम आहे, पण हा कोरा समुद्र माणसाने वापरला. पट्टी आणि कर्कटक घेऊन कुणीतरी त्यावर झुकलं, जेनोआहून निघून किती दिवसांनी कुठे असू याचा हिशेब केला.

मायोर्काच्या नकाशाकारांनी हे दोन्ही हात एकत्र केले. कॅटलान अॅटलासमध्ये भूमध्य समुद्राचा किनारा खलाशाचा आहे. पूर्वेकडे सरकलं, जिथे त्यांची जहाजं जात नव्हती, तिथे पाणी पुन्हा गोष्टींनी भरतं. हिंदी महासागरात ७५४८ बेटं असल्याचं लिहिलंय. इराणच्या आखातापाशी मोती काढणारे पाणबुडे आहेत, आणि शेजारी टीप: ते बुडी मारण्याआधी मंत्र म्हणतात, त्याने मासे पळून जातात. जिथे ओळख संपते तिथून चित्रं सुरू होतात, हे या एका अॅटलासमध्ये डावीकडून उजवीकडे सरकत बघता येतं. पण पाणबुड्यांची टीप मला खोटी वाटत नाही. ती कुणा व्यापाऱ्याने कुणाला सांगितलेली, हातोहात मायोर्कापर्यंत पोचलेली खरीखुरी बातमी आहे. समुद्रात उतरण्याआधी नारळ सोडणाऱ्या लोकांत वाढल्यावर ती तशीच वाचली जाते.

१४५० च्या सुमारास व्हेनिसजवळच्या एका बेटावरच्या मठात फ्रा माउरो या भिक्षूने आपला प्रचंड नकाशा केला. दक्षिण वर. नंदनवन त्याने जगातून उचललं आणि नकाशाबाहेर, कोपऱ्यातल्या वेगळ्या वर्तुळात ठेवलं. त्याहून धाडसाचं म्हणजे, टॉलेमी या प्राचीन ग्रीक पंडिताचा भूगोलाचा ग्रंथ त्या वेळी युरोपभर डोक्यावर घेतला जात होता आणि त्यात हिंदी महासागर चारी बाजूंनी जमिनीने बंद केलेलं एक तळं होतं. फ्रा माउरोने ते दार उघडलं. त्याचा हिंदी महासागर आफ्रिकेला वळसा घालून मोकळ्या समुद्राला मिळतो. पुरावा म्हणून त्याने लिहून ठेवलं की १४२० च्या आसपास हिंदुस्थानचं एक जहाज त्या टोकापलीकडे दूरवर गेलं आणि त्यावरच्या लोकांना हवा आणि पाणी याशिवाय काही दिसलं नाही. त्या समुद्रातले खलाशी होकायंत्राशिवाय जातात, उंचावर एक ज्योतिषी अॅस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, घेऊन उभा असतो, हेही त्यानेच नोंदवलं. मठातल्या त्या माणसाने खलाशांचं ऐकलं, आणि मुकद्दसीप्रमाणे ऐकून सोपं केलं नाही.

पण त्या खलाशांनी स्वतः पाणी कसं टिपलं? अहमद इब्न माजिद या ओमानकडच्या नाखुद्याने १४९० च्या सुमारास आपला मोठा ग्रंथ पुरा केला. तो शब्दांचा ग्रंथ आहे. कुठला तारा क्षितिजापासून किती बोटं वर दिसला म्हणजे कुठल्या बंदराच्या उंचीवर आलो, कुठला मोसमी वारा कधी धरायचा, असं ज्ञान त्याने लिहिलं, त्यातलं बरंचसं पाठ करता यावं म्हणून पद्यातही बांधलं. आणि पाण्याच्या खुणा: त्याचा रंग कुठे बदलतो, तळाची माती कशी, कुठले पक्षी दिसतात. हिंदुस्थानचा पश्चिम किनारा जवळ आला की समुद्रात साप दिसू लागतात, ही खूण तर पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेतही आहे. आमच्याकडचे मच्छीमार आजही जाळ्यात आलेले समुद्रसाप जपून बाजूला काढतात. दीड-दोन हजार वर्षं खलाशांना जमिनीची बातमी देणाऱ्या या सापांना रंगवलेल्या समुद्रांत मी अजून शोधते आहे.

या समुद्राचा एक नकाशा मात्र कुणीतरी पाहिला होता. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदी बंदरात थांबला तेव्हा त्याला हिंदुस्थानापर्यंत नेणारा एक गुजराती मुसलमान नाखुदा मिळाला. पोर्तुगीज इतिहासकार बारोस १५५२ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात सांगतो की त्या नाखुद्याने गामाला हिंदुस्थानच्या सगळ्या किनाऱ्याचा नकाशा दाखवला. त्यावर पोर्तुगीज नकाशांसारख्या वाऱ्यांच्या रेघा नव्हत्या. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा रेघांचे बारीक बारीक चौकोन होते, आणि ते इतके लहान होते की किनारा फार नेमका उतरला होता. गामाने आपला लाकडी अॅस्ट्रोलेब दाखवला, तर नाखुद्याला त्याचं काही नवल वाटलं नाही. आपला अख्खा किनारा त्या चौकोनांत होता, म्हणजे चौलही असणारच. त्या चौकोनांमधलं पाणी हिरवं होतं, निळं होतं की कोरं, हे बारोस सांगत नाही.